सेंद्रियचा इन्स्पेक्टर आला आणि पिकापेक्षा गोठा, गोदाम आणि शेजारीच जास्त बघून गेला, हे असंच असतं का?

देपालपूररोड_शेती

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचेच, राहतो सुदामानगरात, शेती देपालपूर रोडला २२ बिघे. शेती बाबा बघतात, मी शनिवार-रविवार जाते आणि कागदपत्रं सगळी माझ्याकडे. मागच्या वर्षी आम्ही सेंद्रियच्या गटात नाव टाकलं, १४० शेतकऱ्यांचा गट आहे, आता कन्व्हर्जनचं, म्हणजे रासायनिकवरून सेंद्रियवर येण्याच्या मधल्या काळाचं, दुसरं वर्ष चालू आहे. गटाचे आतले लोक वर्षातून दोनदा बघून जातात, ते ओळखीचेच, त्याचं काही वाटत नाही. पण मागच्या मंगळवारी पहिल्यांदाच सर्टिफिकेशन बॉडीचा, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचा, बाहेरचा इन्स्पेक्टर आला आणि तेव्हापासून बाबा गप्प गप्प आहेत म्हणून विचारतेय.

झालं असं की तो सकाळी साडेनऊला आला, ओट्यावर बसला आणि दीड तास नुसते कागद. खसरा म्हणजे जमिनीचा उतारा, बियाण्याचं बिल, शेताची डायरी, नकाशा, मागच्या वर्षीची मंडीची पावती. मग शेतात निघालो तर मला वाटलं विहिरीजवळचं चांगलं सोयाबीन बघेल, आत्ता मस्त फुलावर आहे, पण तो सरळ खालच्या कोपऱ्यात नाल्याकडे गेला जिथे शेजाऱ्यांचं शेत लागतं. तिथे बांधावर उभा राहून इकडे तिकडे बघत बसला, दोन झाडं उपटून मुळं बघितली, बस. मग गोठ्यात गेला, जनावरं मोजली, खत किती ट्रॉली टाकलं ते विचारलं. मग गोदामात पोत्यांच्या मागे जाऊन बघितलं. माळ्यावर लसणाचं बियाणं युरियाच्या दोन जुन्या गोण्यांमध्ये बांधून ठेवलं होतं, तीन-चार वर्षांपूर्वीच्या गोण्या असतील, ते त्याने लिहून घेतलं. आईला वेगळं विचारलं की मागच्या वर्षी अळी पडली तेव्हा काय केलंत. आणि जाताना बांधावरून शेजारच्या काकांशी दहा मिनिटं बोलला, आम्हाला जवळ न घेता.

बाबांनी त्याला चक्री भुंग्याचं, सोयाबीनचा देठ पोखरणाऱ्या किडीचं, विचारलं की बाबा रे सेंद्रियमध्ये यावर काय मारू, तर म्हणाला मी सल्ला देऊ शकत नाही. आईने जेवण करून ठेवलं होतं तर फक्त पाणी प्यायला. बाबांना ते फार लागलं. म्हणाले चाळीस वर्षं शेती करून राहिलोय, माझ्या तोंडावर विश्वास नाही आणि शेजाऱ्याच्या तोंडावर आहे.

तर हे लोक असंच काम करतात का? १४० मधून आमचाच नंबर का लागला? आणि त्या गोण्यांमुळे आमचं सर्टिफिकेट जाणार का?

बांधावरचा_निरीक्षक

ताई, मी हेच काम करतो, ११ वर्षं झाली, माळवा निमाड आणि थोडं दाहोदकडे. तुमच्याकडे आलेला मी नव्हतो आणि कोण होता ते मला माहीत करून घ्यायचंही नाही. पण तुम्ही जे लिहिलंय ते वाचून सांगतो की माणसाने काम नीट केलंय. बाबांना वाईट वाटणं साहजिक आहे, माझ्या कामात हीच गोष्ट मला सगळ्यात जड जाते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नंबर का लागला ते. गटाच्या सर्टिफिकेशनमध्ये बाहेरचा माणूस सगळ्यांकडे जात नाही, आतली तपासणी गटाने स्वतः वर्षातून दोनदा सगळ्यांची करायची आणि बाहेरच्याने त्यातले काही निवडून बघायचं की आतली तपासणी खरी झाली का. म्हणजे तो तुम्हाला जेवढा तपासत होता तेवढाच तुमच्या गटालाही तपासत होता. किती जण निवडायचे याचा वर्षानुवर्षांचा हिशेब वर्गमुळाचा आहे, १४० चं वर्गमूळ बारा होतं, जोखीम जास्त असली तर आकडा वाढतो. युरोपच्या नव्या नियमात गटाच्या निदान ५ टक्के लोकांकडे जायचं असतं. आता हे बारा जण चिठ्ठ्या टाकून निघत नाहीत. नवीन आलेले, ज्यांचं शेत रासायनिक शेताला लागून आहे, ज्यांचं उत्पन्न गटाच्या सरासरीपेक्षा फार जास्त लिहिलंय, ज्यांचं निम्मं शेत सेंद्रिय आणि निम्मं साधं आहे, अशांना आधी घेतो. तुम्ही नवीन आहात आणि खाली नाला-शेजारी आहे, एवढ्यावरून नाव आलं असेल.

आता कागद. मी कुठल्याही शेतावर जायच्या आधी घरी बसून गटाचे आतल्या तपासणीचे फॉर्म वाचतो. एकाच दिवशी, एकाच शाईने, एकाच वळणाच्या अक्षरात चाळीस शेतकऱ्यांचे फॉर्म भरलेले दिसले आणि सगळ्यांची उत्तरं तीच, की तिथेच समजतं कुणीतरी टेबलावर बसून भरलेत. उलट एखाद्या फॉर्मवर खाडाखोड आहे, पावसाचा थेंब पडून शाई पसरलीय, शेतकऱ्याने वेगळ्या पेनाने सही केलीय, तर मला बरं वाटतं, कारण तो फॉर्म शेतात जाऊन आलाय.

डायरीत मी तारखा बघतो. बियाण्याचं बिल २५ जूनचं आणि पेरणी डायरीत २० जूनची, तर विचारणार. बिलावर बियाणं औषध लावलेलं की बिना लावलेलं ते बघणार, कारण दुकानातून येणारं सोयाबीनचं बियाणं बरेचदा थायरम-कार्बेन्डाझिम लावून रंगीत केलेलं असतं आणि ते आपल्याकडे चालत नाही.

खालच्या कोपऱ्यात का गेला तर पाणी खाली जातं म्हणून, एवढंच. चांगलं पीक बघून मला काही कळत नाही, चांगलं पीक युरियाने पण येतं. मला बघायचं असतं की शेजाऱ्याच्या शेतातलं पाणी तुमच्यात उतरतं की तुमचं त्यांच्यात, वारा कुठून येतो, बांधाला झाडोरा आहे का, शेजारी तणनाशक मारतो तेव्हा तुमच्या कडेच्या ओळींवर पिवळेपणा येतो का. बफर, म्हणजे शेजाऱ्याच्या बाजूचा मधला पट्टा, किती सोडायचा ते या सगळ्यावरून ठरतं. मुळं उपटून बघतो ती मुळांवरच्या नत्राच्या गाठींसाठी. गाठी हा काही पुरावा नाही, पण माती कशी वागतेय ते कळतं आणि झाड हातात घेऊन बोललं की शेतकरीही मोकळा होतो.

तण हा माझा आवडता विषय. ऑगस्टमध्ये माळव्यातल्या सोयाबीनमध्ये थोडा तरी केना, थोडा लव्हाळा असतोच. वीस बिघ्यांत एकही तण नाही आणि घरात माणसं दोन, तर मी विचारणार की निंदाई कोणी केली, मजूर कुठले, किती दिवस, किती मजुरी दिली. ज्याने खरंच बायका लावून निंदून घेतलंय तो पटकन सांगतो, नावं घेऊन सांगतो, दर सांगतो, वर वैतागून सांगतो की यंदा मजूर मिळत नाहीत. ज्याने इमेझेथापायरसारखं तणनाशक मारलंय तो म्हणतो, केली हो घरच्यांनी.

गोठ्याचंही तसंच. एक जनावर दिवसाला अंदाजे दहा किलो शेण देतं. दोन जनावरं म्हणजे वर्षाला सात टनांच्या आसपास ओलं शेण, त्यातलं काही चुलीला जातं, काही चरायला गेलं तिथे पडतं, उरलेलं कुजून अजून कमी होतं. आणि डायरीत लिहिलंय ३० ट्रॉली घरचं शेणखत. मग बाकीचं कुठून आलं? बाहेरून आणलं असेल तर चालतं, पण कुठून आणलं ते लिहा, पोल्ट्रीच्या मोठ्या शेडमधलं असेल तर प्रश्न वेगळा होतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचा हिशेब विक्रीचा. समजा ४ हेक्टर म्हणजे आपले १६ बिघे सोयाबीन. बिघ्याला ३ क्विंटल धरलं तर ४८ क्विंटल. विक्रीच्या कागदावर सेंद्रिय म्हणून ७० क्विंटल दिसले तर वरचे २२ क्विंटल कोणाचे? मी आत्तापर्यंत जे मोठे घोटाळे बघितले त्यातला एकही फवारणीतून पकडला गेला नाही, सगळे या बेरीज-वजाबाकीतून निघाले. म्हणून मंडीची पावती मागतो.

शेजाऱ्याला का विचारतो. ताई, बाबांना सांगा की शेजाऱ्याला मी तुमच्याबद्दल विचारतच नाही. मी विचारतो काका तुम्ही यंदा काय मारलंत, कधी मारलंत, पंप कुणाचा, वारा कसा होता. त्यांच्या उत्तरातून मला तुमच्या शेताला धोका किती ते कळतं. मध्येच ते आपणहून म्हणतात, हे बाजूवाले तर काही मारतच नाहीत, मग अळी आमच्याकडे येते. यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मला कोणी देऊ शकत नाही. आणि तुमच्यासमोर विचारलं तर ते संकोचाने बोलणार नाहीत, म्हणून लांब.

आईंना विचारलं तेही बरोबर. औषध मारलं का असं विचारलं तर जगातला प्रत्येक माणूस नाही म्हणणार. अळी पडली तेव्हा काय केलंत असं विचारलं की गोष्ट बाहेर येते, निंबोळी कधी कुटली, ताक किती दिवस आंबवलं, कोणाच्या पंपाने फवारलं. पंप उसना आणला असेल तर तो आधी कशाला वापरला होता हा पुढचा प्रश्न.

सल्ला न देण्याचं मलाही वाईट वाटतं, मी बीएस्सी ॲग्री आहे, उत्तर माहीत असतं. पण आज मी तुम्हाला सांगितलं की हे मारा आणि पुढच्या वर्षी मीच ते तपासायला आलो, तर मी माझाच सल्ला तपासणार. सर्टिफिकेशन बॉडीला आयएसओ १७०६५ हे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक पाळावं लागतं, त्यात हे स्पष्ट आहे, तपासणी आणि सल्ला एका हाताने नाही. नियमात काय बसतं आणि काय नाही एवढं मी सांगू शकतो, काय करा ते नाही. जेवणाचंही तेच, काही जण चहा घेतात काही घेत नाहीत. एका घरी जेवलो आणि दुसऱ्या घरी चूक लिहिली की गावात दुसऱ्या दिवशी त्याचा अर्थ लागतो.

आणि एक गोष्ट लोकांना माहीतच नसते, सर्टिफिकेट द्यायचं की नाही ते मी ठरवत नाही. मी जे बघितलं ते लिहितो, शेवटी बसून तुम्हाला वाचून दाखवतो, तुमची सही घेतो, आणि ऑफिसमधला दुसरा माणूस ज्याने तुमचं शेत बघितलेलं नाही तो निर्णय घेतो. म्हणून इतकं बारीक लिहावं लागतं.

गोण्यांचं उत्तर खाली देतो, आत्ता गाडी पकडायचीय.

निमाडी_कापूस

वरच्या दादांनी फार छान लिहिलंय. मी खरगोनकडे एका कापसाच्या गटात आतला इन्स्पेक्टर आहे, घर इंदूरला रामबागेत, आठवड्याचे पाच दिवस तिकडे. बाहेरच्यापेक्षा आतल्याचं काम अवघड असतं हे कोणी सांगत नाही म्हणून लिहितो. बाहेरचा लिहून निघून जातो, मला परत त्याच ओट्यावर बसायचं असतं.

कापसात आमचा अर्धा जीव बीटीत, म्हणजे जनुक बदललेल्या (जीएम) कापसात, अडकलेला आहे. २००२ ला बीटीला परवानगी मिळाली आणि बघता बघता सगळं निमाड बीटी झालं, बिना बीटीचं चांगलं बियाणं शोधायला फिरावं लागतं. सेंद्रियमध्ये जीएम चालतच नाही, थोडंसुद्धा. आम्ही पान कुटून छोट्या ट्यूबमध्ये पाण्यासारखं द्रावण टाकून त्यात बीटी तपासायची पट्टी उभी करतो, पाच-दहा मिनिटांत रेघा येतात, एक रेघ म्हणजे ठीक, दोन म्हणजे बीटी. ती पाच मिनिटं शेतकरी आणि मी दोघंही पट्टीकडे बघत असतो आणि कोणी काही बोलत नाही.

एकदा एका चांगल्या माणसाकडे दोन रेघा आल्या. तो रडकुंडीला आला, म्हणे मी पाकीट दाखवतो, पाकीट खरंच बिना बीटीचं होतं. मग आम्ही ओळीने चालत गेलो आणि दर दहा-पंधरा झाडांमागे पान घेतलं. बीटी निघाली ती फक्त एका पट्ट्यात, चार ओळी. चौकशी केली तर पेरताना बियाणं कमी पडलं आणि चुलतभावाने त्याच्या पिशवीतलं उरलेलं ओतलं, याला सांगितलंच नाही. माझ्या जागी दुसरा असता तर पट्टी बघूनच सही करून निघाला असता, शेतकरी खोटारडा ठरला असता. त्याचं त्या वर्षीचं त्या प्लॉटचं सेंद्रिय गेलंच, ते मी वाचवू शकत नव्हतो आणि वाचवायचंही नव्हतं, पण तो गटात राहिला, आणि आता पेरणीच्या दिवशी स्वतः उभा राहतो. मला वाटतं इन्स्पेक्टरने चूक सापडल्यावर अजून अर्धा तास थांबायला पाहिजे, खरं काम त्या अर्ध्या तासात असतं.

ताई तुमच्या गटाच्या आतल्या माणसाने त्या गोण्या आधीच बघायला हव्या होत्या हे मात्र मी म्हणेन. तो ओळखीचा आहे, माळ्यावर चढला नसेल. ती चूक बाबांपेक्षा गटाची जास्त आहे.

महूचा_जुना_शेतकरी

मी जरा वेगळं बोलणार आहे. वय ७१, महूकडे शेती, १९९८ पासून रसायन बंद. वरचे दोघं प्रामाणिक दिसतात, त्यांच्याबद्दल काही नाही. पण सगळे तसे नसतात.

काही वर्षांपूर्वी मी एका गटात होतो, नाव घेत नाही. बाहेरचा इन्स्पेक्टर आला, गावातल्या एका घरी ओसरीवर बसला, आम्हा नऊ जणांना तिथेच बोलावलं, नऊ फॉर्मवर सह्या घेतल्या आणि दुपारच्या जेवणानंतर निघून गेला. शेताकडे पाय वळले नाहीत. मी म्हणालो साहेब माझं शेत तर बघा, तीन किलोमीटरवर आहे, तर म्हणे काका तुमच्यावर भरोसा आहे. त्या वेळी मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पुढे त्या गटाचा माल बाहेर लॅबमध्ये अडकला, दोन-तीन जणांनी मारलं होतं, आणि आम्हा सगळ्यांचा माल साध्या भावात गेला. माझं वर्षभराचं काम त्या भरोशात बुडालं. तेव्हा ताई तुमच्या बाबांना हे सांगा की ज्याने माझ्या तोंडावर विश्वास ठेवला त्याने माझं नुकसान केलं.

पण दुसरी बाजू पण ऐका. आज सगळं कागदावर गेलंय. माझ्यासारख्या माणसाला डायरीत लिहायला लावतात, निंबोळी अर्क किती लिटर, कोणत्या तारखेला. आमचे वडील होळकरी काळातले, त्यांनी इथे इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञ साहेबांचं खत बघितलं होतं. १९२४ ते १९३१ ते इथल्या इन्स्टिट्यूटमध्ये होते, काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्राची माती, राख यांचे थर लावून, ठरावीक दिवसांनी पलटून तीन महिन्यांत खत, सगळ्या जगात ती इंदूर पद्धत म्हणून गेली. आणि त्यात आपले यशवंत वाड त्यांच्या बरोबरीने होते, १९३१ च्या पुस्तकावर दोघांची नावं आहेत, आपल्या मराठी मंडळींनासुद्धा हे माहीत नसतं. वडील त्या पद्धतीने खड्डे भरायचे, त्यांनी कधी डायरी लिहिली नाही. मग ते सेंद्रिय नव्हते का? इन्स्पेक्टरने माती हातात घेऊन वास घ्यावा, खताचा ढीग उकरून बघावा, त्याची ऊब बघावी. हे शिकवत नाहीत.

ज्यांना निर्यात करायची नाही त्यांनी पीजीएस, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांना सेंद्रियची हमी द्यायची पद्धत, बघावी. पाच शेतकरी एकत्र आले की होतं, एकमेकांची शेतं आपणच बघायची, फी जवळजवळ नाही. मी आता त्यातच आहे. इंदूरच्या लोकांना घरपोच गहू-डाळ देतो, त्यांना तेवढं पुरतं.

बांधावरचा_निरीक्षक

काका, तुमचं ओसरीवालं वाचून मान खाली गेली. असे लोक आहेत, मी नाकारत नाही. एका दिवसात आठ-दहा शेतकरी लावून देतात तेव्हा तसं होतं, आणि त्याच्या मागे पैशाची गोष्ट आहे ती पण सांगायला पाहिजे. सर्टिफिकेशन बॉडीला फी तोच गट देतो ज्याची तपासणी करायची. कडक तपासलं तर गट पुढच्या वर्षी दुसरीकडे जातो. यावर उपाय म्हणून न सांगता जाऊन तपासणी, आमच्या बरोबर वरचा माणूस पाठवून आमचीच तपासणी, तोच इन्स्पेक्टर सारखा एकाच गटाला न पाठवणं, हे सगळं आहे, अपेडा, म्हणजे शेतमाल निर्यातीची केंद्र सरकारची संस्था, अधूनमधून बॉड्यांवर कारवाईही करते. पण मुळात प्रत्येक शेताला दोन तास मिळाले पाहिजेत, ते मिळत नाहीत तोवर बाकी उपाय अपुरेच आहेत असं माझं मत आहे. मी स्वतः दिवसाला चारच्या वर घेत नाही, त्यावरून ऑफिसमध्ये वाद झालेत.

२०२१ च्या जानेवारीत अमेरिकेने आपल्याकडच्या तपासणीला दिलेली मान्यता काढून घेतली, आता तिकडे माल पाठवायचा तर त्यांच्या नियमाने वेगळं सर्टिफिकेशन. ते असंच कुणीतरी ओसरीवर बसल्यामुळे होतं असं मी मनात धरून काम करतो.

खताच्या ढिगाचं तुम्ही म्हणालात ते शंभर टक्के. मी हात घालून बघतो. मधे ऊब असली, बुरशीचे पांढरे धागे असले, वास जंगलातल्या मातीसारखा आला तर त्या माणसाने ढीग खरंच लावलाय. फोटोपुरता लावलेला ढीग वरून छान असतो आणि आत कोरडा ठण्ण. पण काका डायरीबद्दल मी तुमच्याशी सहमत नाही होऊ शकत. तुमच्या वडिलांना ओळखणारे त्यांचा गहू खात होते. आज तुमच्या गटाचा सोयाबीन जर्मनीतला माणूस घेतोय, त्याच्यापर्यंत तुमचं तोंड पोचत नाही, कागदच पोचतो. पीजीएसमध्ये घरपोच देताय तिथे तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे.

पालदा_डाळमिल

थोडं आमच्या बाजूचं. पालद्याला आमचं क्लीनिंग-ग्रेडिंगचं युनिट आहे, सेंद्रिय आणि साधं दोन्ही चालतं. आमच्याकडे इन्स्पेक्टर आला की तो मशीनच्या मागे जातो, धान्य वर चढवणाऱ्या एलेव्हेटरच्या बुडात हात घालतो, कारण तिथे आधीच्या मालाचे दाणे अडकलेले असतात. सेंद्रिय चालवायच्या आधी मशीन रिकामं करून थोडा सेंद्रिय माल वाया घालवून काढायचा आणि तो साध्यात टाकायचा, त्याची नोंद दाखवा म्हणतात. मग एखादी विकलेली बॅच उचलतात आणि म्हणतात हिला मागे न्या, ट्रक, मंडी, गट, शेतकरी. पंधरा मिनिटांत कागद निघाले तर ठीक. धुरी कशाची देता हा पण प्रश्न असतो, गोदामात उंदराला काय टाकता तेसुद्धा. २०२० ला तिळात इथिलीन ऑक्साइड हे धुरीचं रसायन सापडलं आणि युरोपने माल परत घ्यायला लावला, त्यानंतर तर शेतापेक्षा गोदामावर जास्त नजर आहे असं मला वाटतं. ज्याने शेतात तीन वर्षं घाम गाळला त्याचा माल गोदामातल्या एका धुरीने जातो, म्हणून आम्हीही आता साध्या मालालाही ती धुरी बंद केलीय.

देपालपूररोड_शेती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. ओसरीवालं वाचलं तेव्हा ते पहिल्यांदा बोलले, म्हणाले परत वाच. शेजाऱ्यांचं पण त्यांनी जाऊन विचारलं काकांना, तर खरंच त्याने काकांना त्यांच्याच फवारणीचं विचारलं होतं, आमचं नाव पण काढलं नव्हतं.

आता गोण्यांचं सांगा ना. रिपोर्टमध्ये लिहिलंय की ३० दिवसांत सुधारणा करून कळवा. नक्की काय करायचं? आणि समजा कधी सॅम्पलमध्ये शेजारचं काही उडून आलेलं सापडलं तर? त्याची मला खरी भीती आहे.

बांधावरचा_निरीक्षक

गोण्यांमुळे सर्टिफिकेट जात नाही ताई, ही छोटी चूक धरतात, पण उत्तर वेळेत नाही दिलं तर ती मोठी होते. गोण्या काढून टाका, त्या कुठे दिल्या ते लिहा, लसूण नवीन किंवा धुतलेल्या साध्या पोत्यात भरा, आधीचा आणि नंतरचा फोटो काढा, आणि पुढे परत होऊ नये म्हणून काय केलं ते एका ओळीत लिहा, उदाहरणार्थ सेंद्रियची पोती वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवणार. हे गटाच्या ऑफिसमार्फत पाठवा आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. माळ्यावर अजून जुनी बाटली, औषधाचा डबा, अर्धवट पाकीट काही असेल तर तेही आत्ताच काढा. रिकामी बाटली सापडली तर मी असं धरत नाही की तुम्ही मारलं, पण मला ते लिहावंच लागतं.

सॅम्पलचं असं की युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला सरसकट ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो धरतात. म्हणजे १०० टन धान्यात १ ग्रॅम. इतक्या बारीक मापात शेजारचं उडालेलंही दिसतं. म्हणून चांगला इन्स्पेक्टर कडेच्या ओळीतलं आणि मधलं वेगळं घेतो. कडेला आहे आणि मध्ये नाही, तर ते बहुधा वाऱ्याने आलं. सगळीकडे सारखं आहे, तर मारल्याचा संशय येतो. पिशवी तुमच्यासमोर सील होते, त्यावर तुमची सही असते, सही करायच्या आधी कुठून घेतलं ते नकाशावर खूण करायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. आणि शेजारी ज्या दिवशी फवारतील ती तारीख तुमच्या डायरीत लिहून ठेवा, वारा कुठून होता तेही. कडेच्या ओळींचं सोयाबीन वेगळं काढून साध्यात विका, पोतीही वेगळी ठेवा. असं केलेलं असेल आणि नोंद असेल तर पुढे काही सापडलं तरी तुम्हाला बोलायला जागा राहते.

चक्री भुंग्याचं मी तुम्हाला इथेही सांगणार नाही, निमाडी दादा किंवा महूचे काका सांगतील.

महूचा_जुना_शेतकरी

मी सांगतो. जिथे देठावर दोन चकत्या दिसतात आणि वरचा शेंडा वाळलाय ते शेंडे खालच्या चकतीच्या खालून तोडून शेताबाहेर नेऊन नष्ट करायचे, सुरुवातीलाच, आठवड्यातून दोनदा. दाट पेरायचं नाही. पुढच्या वर्षी शेत उन्हाळ्यात खोल नांगरून तापू द्या. बाबांना म्हणावं रविवारी या इकडे, दाखवतो, खड्डे पण बघून जा.

देपालपूररोड_शेती

काका नक्की येतो. बाबांनी आज सकाळी जुनी वही काढली, त्यात २०११ पासून पाऊस कधी पडला आणि पेरणी कधी केली ते लिहून ठेवलेलं आहे, मलाच माहीत नव्हतं. विचारत होते की ही दाखवली असती तर चाललं असतं का. मी म्हटलं गटाच्या ऑफिसला फोटो पाठवते, आणि पुढच्या वेळी ओट्यावर तुम्हीच घेऊन बसा.